शिक्का मिळाला का रे?

"एवढं शिकून तिकडं नकाशेच ओढायलाय म्हणे. मग पाच वर्षं फी भरली कशाला?"

बेळगावच्या टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेल्या पावसाळ्यात एक काका असं म्हणाले. वेगवेगळ्या तोंडून हे मी बरेचदा ऐकलंय. मूल परदेशात असतं, शिक्षण एका नावाचं आणि काम दुसऱ्याच नावाचं. इथला आर्किटेक्ट तिकडे 'डिझायनर' होतो. पोरगं अडकलंय, फसलंय की आपल्याशी खोटं बोलतंय, हे आईवडिलांना कळत नाही. मग पाठोपाठ विचारतात, बोलावून घेऊ का? या घरच्यांना विचारूनच त्यांची गोष्ट लिहितेय. काही तपशील बदललेत आणि नावं घेतच नाही, कारण बेळगावात दोन माणसं सोडली की तिसरं नात्यातलं निघतं.

काका गवंडी. मूळ खानापूर तालुक्यातले, आता घर वडगावात. आयुष्यभर इंजिनिअरचा नकाशा विटांवर पसरून, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर दगड ठेवून वाचला. मुलगा आर्किटेक्ट झाला तेव्हा त्यांनी आपला पितळी ओळंबा चिंचेने घासून लख्ख केला आणि देवघराशेजारी टांगला. हे मला काकूंनी सांगितलं, काका असलं काही बोलणाऱ्यांतले नाहीत. मुलगा मास्टर्स करायला अमेरिकेत गेला आणि पुढे राहत्या घरांचे आराखडे करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागला. "लाकडाच्या काड्यांची घरं," काका म्हणाले. "उंदीर कुरतडंल."

भांडणाचं निमित्तही घरच होतं. पिरनवाडीच्या पुढे खानापूर रोडला काकांनी तीस-चाळीसची साइट, म्हणजे घरासाठी प्लॉट, घेतलीय. प्लॅन मुलाने काढायचा आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यात त्याचा शिक्का हवा, एवढीच त्यांची अट. दीड वर्ष मुलगा 'पाठवतो' म्हणत होता. शेवटी काकांनी स्वतःच एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला बॉलपेनने प्लॅन काढला आणि ती पत्रिका माझ्यासमोर ठेवली. रेघा सरळ, मापं फुटांत, जिन्याच्या पायऱ्या मोजून काढलेल्या. स्वयंपाकघराच्या चौकोनात मात्र काहीच नव्हतं.

"हे त्याच्यासाठी सोडलंय," म्हणाले.

मुलाशी मी व्हिडिओवर बोलले. त्याचे रात्रीचे दहा, आमचे सकाळचे साडेसात. पहिली वीस मिनिटं तो हवापाण्याबद्दल बोलला आणि मग एका दमात म्हणाला, "मॅडम, लायसन्स झालं म्हणून घरी सांगितलंय. दोन वर्षं झाली. झालेलं नाहीये."

प्लॅन न येण्याचं कारण एवढंच. प्लॅन काढायला त्याला दोन रविवार पुरले असते. शिक्का कुठून आणणार? (खरं तर अमेरिकेतला शिक्का बेळगावात चालतही नाही. इथे आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे आपल्याकडची नोंदणी लागते. पण बापाला हवा होता तो शिक्का महानगरपालिकेला दाखवण्यासाठी नव्हताच.)

ज्यांची मुलं याच वाटेवर आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते, कारण 'अजून झालं नाही' मागे आळस असतो असं घरी धरून चालतात. अमेरिकेत परवाना हातात येईपर्यंत स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. राज्याराज्यांचे नियम थोडे वेगळे, पण साधारण वाट अशी. याचं मास्टर्स तिकडच्या परवान्यासाठी मान्य असलेल्या अभ्यासक्रमाचं नव्हतं, म्हणून आधी इथल्या पाच वर्षांच्या पदवीची विषयवार छाननी. मग ३,७४० तासांचा नोंदवलेला अनुभव. शिवाय सहा परीक्षा. त्या तासांपैकी किमान १,८६० तास परवानाधारक आर्किटेक्टच्या देखरेखीखाली आर्किटेक्टच्याच फर्ममध्ये व्हावे लागतात. गोम इथेच आहे. एका कुटुंबाच्या साध्या घराला बऱ्याच राज्यांत आर्किटेक्टचा शिक्का लागतच नाही, त्यामुळे घरं काढणारी कितीतरी ऑफिसं परवान्याशिवाय चालतात. याचा मालक तसाच. चांगला माणूस, काम भरपूर, पण त्याच्याकडे घालवलेल्या वर्षांतला एक तासही या हिशेबात धरला जात नव्हता. बदलायचं म्हटलं तर व्हिसा मालकाशी बांधलेला. नव्या मालकाने नव्याने अर्ज करायचा, आणि या नोकरीच्या व्हिसाची, एच-वन-बीची, मुदत मुळात तीन वर्षं, वाढवून सहा. ग्रीन कार्डाची कागदपत्रं वेळेत पुढे सरकली नाहीत तर सहानंतर गाशा गुंडाळायचा.

हे सगळं अप्पांना, म्हणजे काकांना, फोनवर कसं सांगायचं, हे त्याला सुचलं नाही. "झालं का रे?" ला एका रविवारी "झालं" म्हणून मोकळा झाला. त्या संध्याकाळी काकूंनी गल्लीत कुंदा वाटला.

इथे माझी एक चूक झाली, ती सांगायला हवी. बोलता बोलता त्याने रिचर्ड न्यूट्रा या आर्किटेक्टचं नाव घेतलं होतं, कॉलेजच्या होस्टेलच्या भिंतीवर त्याच्या घराचा फोटो होता म्हणून. मी रात्री बसून वाचून काढलं. न्यूट्रा व्हिएन्नाचा, १९२३ साली अमेरिकेत पोचला, शिकागोच्या एका मोठ्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून राबला, आणि लॉस एंजेलिसमधलं लव्हेल हाऊस हे त्याचं नाव करणारं घर १९२९ मध्ये पुरं झालं. पुढच्या वेळी मी उत्साहाने म्हटलं, "बघ, त्यालाही सहा वर्षं लागलीच की."

तो हसला. बरं हसला नाही. "मॅडम, न्यूट्राला व्हिसाची लॉटरी नव्हती. आणि त्याच्या आईने कुंदा वाटला नव्हता."

दिलासा द्यायची घाई ही आमच्या धंद्यातली खोड आहे. मी गप्प बसले तेव्हा तो आपणहून बोलायला लागला, न्यूट्राबद्दल नव्हे, शिंडलरबद्दल. रुडॉल्फ शिंडलर, न्यूट्राचा व्हिएन्नातला मित्र. १९१४ साली शिकागोच्या एका ऑफिसाशी करार करून गेला आणि तिकडचाच झाला. १९२२ मध्ये लॉस एंजेलिस भागातल्या किंग्ज रोडवर स्वतःचं घर बांधलं. काँक्रीटच्या भिंती जमिनीवर आडव्या ओतायच्या आणि मग उभ्या करायच्या, झोपायला गच्चीवर उघडे मांडव. न्यूट्राचं बिऱ्हाड १९२५ पासून काही वर्षं त्याच घरात होतं. आणि १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आर्किटेक्चरचं गाजलेलं प्रदर्शन भरलं, त्यात न्यूट्रा होता, शिंडलर नव्हता. "कॉलेजात आम्हाला न्यूट्राच जास्त शिकवला," तो म्हणाला. त्या जमिनीवर ओतलेल्या भिंतींबद्दल तो दहा मिनिटं बोलला असेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्याच्यात तो आर्किटेक्ट दिसला. परवान्याचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

मुलाचं गुपित काकांना सांगायचा मला अधिकार नव्हता. मी त्यांना त्यांच्या तरुणपणाबद्दल विचारलं. खानापूर भागातले कितीतरी गवंडी गोव्याला जातात, तसे तेही गेले होते. म्हापसा, मग फोंडा. अकरा वर्षं.

"पहिली चार वर्षं बिगारीच. हातात थापी घेतली की हिसकावून घ्यायचे. वीट लावायला येत होती की मला! पण घाट्याला कोण विचारतोय?"

"मग गावाकडे काय सांगायचात?"

तेवढ्यात गेट पडलं आणि मालगाडी आली. बोलून ऐकू येईना. काका पत्रिकेची घडी घालत आणि उलगडत बसले. गाडी गेल्यावर म्हणाले, "मेस्त्री झालो म्हणून सांगून सोडलो होतो. पुढं खरंच झालो. पण बा ला सांगायचं काय? त्याच्या हिशेबी मी आधीपासूनच होतो."

मी काही जोडून दाखवलं नाही. तसा मोह फार होतो. उठताना ते म्हणाले, "पोरगं बी..." आणि छत्री घेऊन निघून गेले.

तीन आठवड्यांनी मुलाने स्वतःच फोनवर सांगितलं. आमची तयारी एवढीच होती की आधी आपण दिवसभर काय काम करतो ते सांगायचं, मग तासांचा हिशेब आणि मग खोटं. काकांनी ऐकून घेतलं आणि सिमेंटची पोती मोजावीत तसं विचारलं, "किती तास राहिले?" भडकल्या त्या काकू. हळदीकुंकवाला चार बायकांत त्यांनीच सांगितलेलं. आठ दिवस त्या मुलाशी बोलल्या नाहीत. मला ते रास्तच वाटलं. त्या आठ दिवसांत काकाच दोघांच्या मध्ये निरोप्या झाले, आणि हे काम त्यांना अजिबात जमत नव्हतं.

तर बोलावून घ्यायचं का? मी 'घ्या' किंवा 'नको' कुणालाच सांगत नाही. आधी तीन गोष्टी विचारा म्हणते: व्हिसा कधीपर्यंत, कर्ज किती, आणि मोजले जाणारे तास किती भरलेत. ही उत्तरं कागदावर आली की निम्मी भीती आकड्यांत उतरते. आणि रविवारी 'झालं का' विचारणं थांबवा. त्या प्रश्नाला 'नाही' किंवा खोटं, एवढी दोनच उत्तरं असतात. आज काय काढलंस, जिना कुठे ठेवलास, मालक काय म्हणाला, असं विचारलं तर पोरगं बोलतं. मात्र झोप उडालीय, फोन टाळतोय, पिणं वाढलंय, 'मी नसलो तर बरं' असलं काही तोंडातून येतंय, असं दिसलं तर वाट बघू नका. अशा वेळी मदतीसाठी अमेरिकेत ९८८ हा नंबर आहे, आपल्याकडे टेलिमानसचा १४४१६. डॉक्टरकडे जायला लाजू नका.

या मुलाने ऑफिस बदललं. पगार कमी झाला, तास मोजले जाऊ लागले. दोन परीक्षा झाल्यात, एकदा एका विषयात नापासही झाला आणि तेही घरी सांगितलं. प्लॅन आला. उजव्या कोपऱ्यात शिक्क्याची जागा कोरीच आहे; सही इथला इंजिनिअर करेल. जागेचा उतारा कन्नडमध्ये, काकांची मापं फुटांत, मुलाचे शेरे इंग्रजीत. स्वयंपाकघराचं अजून मिटलेलं नाही. काकूंना ओट्यासमोर पश्चिमेला खिडकी हवीय आणि काका म्हणतात, पश्चिमेच्या झडीने पीठ भिजेल. मुलगा छज्जा वाढवून बघतोय.

परवा सकाळी अकराच्या सुमारास काका दारात उभे. मला वाटलं, पुन्हा काही बिनसलं.

"मॅडम, तिकडं भिंतीत लाकडाच्या पट्ट्या सोळा सोळा इंचांवर उभ्या करतात म्हणतोय. ते मधलं अंतर, की सेंटर टू सेंटर? तुम्हाला काय म्हणाला तो?"

मला कुठलं ठाऊक असायला. म्हटलं, त्यालाच विचारा की. गेटपाशी उभं राहून त्यांनी लगेच फोन लावला. तिकडे रात्रीचा दीड वाजला होता.