सगळं प्रकरण तिसऱ्या पानावर आहे

गिरगावातल्या एका जुन्या संगीत मंडळाचे सभासद लिहितात: विश्वस्तांनी मंडळाचं सभागृह लग्नसमारंभ करणाऱ्या कंपनीला २ वर्षं ११ महिन्यांच्या भाडेपट्ट्याने दिलं, गाण्याच्या बैठका बंद झाल्या, हेरिटेजचा दर्जा मिळवून हे थांबवता येईल का?

अशी पत्रं बरीच येतात आणि सगळ्यांना हेरिटेजच आठवतं. यादीत नाव लागलं तर वास्तू पाडण्याला, बदलण्याला अडसर येतो. आत ख्याल रंगतो की डीजे वाजतो, हे यादी सहसा ठरवत नाही. मुंबईचं जुनं नाट्यगृह रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ मध्ये बंद झालं, उघडलं २०१६ मध्ये. वास्तू देखणी झाली, पण तेवढ्या वर्षांत श्रोत्यांची एक पिढी सरते.

तुमचा रस्ता वेगळा आहे. तुमच्या मंडळासारख्या सार्वजनिक न्यासाची इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणून तर २ वर्षं ११ महिने! तुम्ही पाठवलेलं भाडेपट्ट्याचं दुसरं पान 'नूतनीकरणाचा हक्क' या शब्दांवर संपतं. तिसरं पान का नाही पाठवलंत? मुदत वाढवणं एकट्या कंपनीच्या मर्जीवर असेल, तर खरी मुदत ३ वर्षांहून जास्त आहे असं भक्कमपणे मांडता येईल. दोघांच्या संमतीवर असेल तर बाजू लंगडी. कागद मुळात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीचा निघाला तर वाद आणखी वेगळा. दुय्यम निबंधकांकडून नोंदणीकृत दस्ताची नक्कल आजच मागवा.

मग त्याच कायद्याच्या कलम ४१-ई खाली धर्मादाय आयुक्तांकडे मनाईचा अर्ज. त्याला हितसंबंध असलेल्या किमान दोन व्यक्ती आणि प्रतिज्ञापत्र लागतं. आणि तुमची वर्गणी दोन वर्षं थकलेली! सभेची नोटीस आली, ती तुम्ही उघडलीही नाहीत. संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १५ नुसार तीन महिन्यांहून जास्त थकबाकीदार सभासदांत मोजला जात नाही. समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल. वर्गणी भराच, पण अर्जावर सह्या दोन आजीव सभासदांच्या घ्या.

वेळ दवडू नका. २०१७ च्या दुरुस्तीनंतर अपवादात्मक परिस्थितीत विश्वस्तांना कलम ३६ ची परवानगी मागाहूनही मिळू शकते. कंपनीने फॉल्स सीलिंग ठोकलं, गालिचे अंथरले, की माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत तंबोरा पोचवणारं ते लाकडी छत गेलंच समजा. तारखा लांबणारच, त्यामुळे अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतची मनाई पहिल्याच दिवशी मागा आणि छताचे, जमिनीचे आजचे फोटो अर्जाला जोडा.