प्रतिज्ञा, प्रश्न आणि नागरिकशास्त्राचा तास

प्रश्न : मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. प्रतिज्ञेतील अभिमानाविषयी बोलणे चालले असताना एका मुलीने विचारले, “आमच्या वाडीवर एप्रिलपासून टँकर येतो, मग अभिमान कशाचा धरायचा?” अशा चर्चेने देशभक्ती कमी होते, तिला समज द्यावी, असे काही पालक व सहकारी म्हणतात. मी काय करावे?
— एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : तिला समज देऊ नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. प्रतिज्ञेची शेवटची दोन वाक्ये वर्गात सावकाश वाचून घ्या. तिथे निष्ठा देशाबरोबरच ‘माझे देशबांधव’ यांच्याशीही राखायची आहे आणि त्यांच्या कल्याणातच आपले सौख्य सामावले आहे, असे म्हटले आहे. त्यामुळे वाडीवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहत ताटकळत असतील, तर त्याबद्दल विचारणारी मुलगी प्रतिज्ञा पाळतेच आहे. पालकांना संविधानाचा अनुच्छेद ५१क दाखवा. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या या मूलभूत कर्तव्यांच्या यादीत राष्ट्रध्वज व राष्ट्रगीत यांचा आदर आहे, तशीच शोधक बुद्धीही आहे.

परकीय सत्तेविरुद्ध विखुरलेल्या समाजाला राष्ट्रवादाने एकत्र आणले, हे मुलांना अभिमानाने शिकवावेच. मात्र वर्गात कोण किती देशभक्त याची तपासणी सुरू झाली की त्याच भावनेचा धाक होतो, मुले गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यालाच आपण देशप्रेम समजू लागतो, याची मला फार काळजी वाटते. केरळमध्ये १९८५ साली तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले होते; राष्ट्रगीताच्या वेळी ती अदबीने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला आणि आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, ती पातळ होऊ देऊ नये, असे निकालात बजावले. हा खटला आठवीच्या मुलांना सहज कळतो. तो जरूर सांगा.

पुढच्या तासासाठी ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मागवा. पाणीपुरवठ्यासाठी तरतूद किती आणि खर्च किती, हे मुलांना वहीत उतरवू द्या. शक्य झाल्यास सरपंचांना वर्गात बोलवा, पहिला प्रश्न त्या मुलीलाच विचारू द्या आणि तक्रार करणाऱ्या पालकांनाही त्या दिवशी आवर्जून बोलवा.