"कसा वाटला?" असं विचारलं की "कडक"च ऐकायला मिळणार

तुझा राजगडाच्या संजीवनी माचीवरचा संध्याकाळचा फोटो तीनदा उघडून बघितला. सगळे "कडक", "एक नंबर" म्हणाले आणि एकानेच "कॉम्पोझिशन गंडलंय" लिहिलं, ते तुला लागलं, आणि आता विचारतोयस की असं तोंडावर सांगावं का आणि आपण त्यातून काय घ्यायचं. खरं सांगू का, "कडक"मधून जेवढं कळतं तेवढंच "गंडलंय"मधून कळतं, म्हणजे काहीच नाही.

मी फोटो चांगला की वाईट यात पडतच नाही, माझी नजर कुठे कुठे गेली तेवढं सांगतो. तुझ्या फोटोत ती आधी उजव्या कोपऱ्यातल्या निळ्या सॅकवर गेली (कुणाची रे ती?), मग तटबंदीच्या वळणावरून मस्त घसरत बुरुजापर्यंत आली आणि तिथेच अडकली, कारण बुरुजाचं डोकं मागच्या तोरण्याच्या रेषेला बरोब्बर चिकटलंय. उजेड मागून, त्यामुळे दोन्ही काळे, मिळून एकच ढेकूळ दिसतंय. आता यातली सॅक घरी बसून क्रॉपमध्ये जाईल, पण बुरुजाचं तसं नाही, ते पायांचं काम आहे. दोन पावलं वर चढला असतास किंवा कॅमेरा डोक्यावर धरला असतास तरी जवळचा बुरुज खाली उतरला असता आणि तोरणा मोकळा झाला असता. सांगणाऱ्याने हे वेगळं करून सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा रात्रभर लाइटरूममध्ये (फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर) स्लायडर ओढत बसतो.

मलाही असंच कुणीतरी सांगितलं होतं. हरिश्चंद्रगडावर पहिल्यांदा गेलो तेव्हा कोकणकडा १६ एमएमच्या वाइड लेन्सवर मारला, सगळा कडा फ्रेममध्ये बसला म्हणून खूश. आमच्या ट्रेक ग्रुपमधल्या एका दादाने बघून एवढंच विचारलं, "तिथे उभा होतास तेव्हा पोटात गोळा आला होता ना? मग फोटोत कुठाय तो?" राग आला, दोन दिवस बोललो नाही. पण कडा खरंच वाटीएवढा दिसत होता, वाइड लेन्स लांबचं सगळं बारीक करते आणि मापाला एक माणूस नव्हता. पुढच्या खेपेला लांब बाजूला जाऊन कड्यावर पालथे पडून खाली डोकावणारे दोघं घेतले, टाचणीएवढे दिसतात, पण आता फोटो बघून लोक "बाप रे" म्हणतात.

तर विचारताना काय दाखवायचं होतं ते एका ओळीत लिही. नुसतं "कसा वाटला" म्हणजे पाहुण्यांना पोहे कसे झाले विचारण्यासारखं आहे, छानच म्हणणार. आणि उत्तर आलं की लगेच "अरे तिथे जागाच नव्हती" सुरू करू नकोस. नसेलही जागा, पण बघणाऱ्याला ती कुठे दिसते?

अर्थात सगळंच ऐकायचं असंही नाही. रूल ऑफ थर्ड्सवाले (फ्रेमचे तीन-तीन भाग करून महत्त्वाचं सगळं त्या रेषांवरच ठेवा म्हणणारे) तर मला झेपतच नाहीत, तळ्यातलं प्रतिबिंब आहे तरी क्षितिज मधोमध नको म्हणतात! कासच्या माझ्या एका फोटोतली जाळी काढ असं एकाने सांगितलं होतं, तेव्हा पठारावर कुंपण होतं, आणि मला दाखवायचं होतं तेच की फुलं आत आणि माणसं बाहेर. नाही काढली. पण तीन वेगवेगळी माणसं एकाच जागी अडखळली की मी गुपचूप फोटो परत उघडतो.

तुझा बुरुज मला अडकला, अजून दोघांना बुरुजाचं काही न सांगता फोटो दाखव आणि नजर कुठे थांबते ते विचार. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) असेल तर पाठव, सॅक काढून देतो. सॅकवाल्याला सांगू नकोस.