वाचक विचारतात: ओझोनचा वाऱ्याशी काय संबंध?

प्रश्न: पाषाणच्या आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) हवामानाची कॉम्प्युटर मॉडेलं चालवतात, तर त्यात ओझोन कशाला लागतो? तो तर ऊन गाळायला ना? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: गाळतो, पण गाळताना तापतोही, आणि खरी गंमत तिथेच आहे. विषुववृत्तावर साधारण १६ ते ४० किमी उंचीवर वारे काही काळ पूर्वेकडून, मग पश्चिमेकडून वाहतात, पूर्ण फेरी साधारण २८ महिन्यांची, आणि वाऱ्यांचा प्रत्येक पट्टा महिन्याला किलोमीटरभर खाली सरकतो. याला क्यूबीओ (क्वासी-बायेनियल ऑसिलेशन, म्हणजे साधारण दोन वर्षांची लय) म्हणतात. आता पश्चिमेचे वारे उतरताना हवा थोडी खाली दबते, वरचा जास्त ओझोनवाला भाग खालच्या स्ट्रॅटोस्फिअरमध्ये (ढगांच्या वरच्या हवेच्या थराच्या खालच्या भागात) येतो, तो ऊन शोषून तिथली हवा अजून गरम करतो, आणि तापमान बदललं की वाऱ्याचं गणितही हलतं. पूर्वेच्या वाऱ्यांत उलटं.

बऱ्याच मॉडेलांत मात्र ओझोन आधीच ठरवून भरलेला असतो, वारा बदलला तरी तो ढिम्म! ओझोनचं रसायनशास्त्रही मॉडेलसोबत चालवलं तर हा परिणाम दिसतो, फक्त कॉम्प्युटरला घाम फुटतो. माझ्या मते तो खर्च करावाच, कारण २०१६ च्या सुरुवातीला ही लय अचानक बिघडली तेव्हा भलेभले चक्रावले होते.