वाचक विचारतात: ट्रेलरला आपोआप लेव्हल करणारे पाय बसवावेत का?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सांगलीचे, मी आणि मिसेस, दोघंही साठीच्या पुढचे. तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका फॅब्रिकेटरकडून १६ फुटी कॅरॅव्हॅन ट्रेलर बनवून घेतला, एकच एक्सल आहे, सामान आणि पाणी भरून वजन १३०० किलो, ओढायला डिझेल पिकअप. वर्षाला पाच-सहा ट्रिपा होतात, एका जागी तीन-चार रात्री राहतो, तापोळा, चांदोलीची बाजू, एकदा कोकण पण केलं. फिरायला मजा येते पण मुक्कामाला पोचलं आणि लेव्हल करायची वेळ आली की नको वाटतं बघा. डिसेंबरपासून उजवा खांदा धरलाय, डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणतात, जॅकचं हॅण्डल फिरवताना डोळ्यात पाणी येतं. मिसेस मागं उभी राहून 'अजून जरा, अजून जरा, थांबा गेलं पुढं' असं करते आणि मग दोघांची चिडचिड. आता एकाने बटण दाबलं की चार पाय खाली येऊन ट्रेलर आपोआप लेव्हल होतो अशी सिस्टीम सुचवलीय, बाहेरून मागवून, बसवून पावणेतीन लाख. अख्खा ट्रेलर साडेआठ लाखाला पडला होता. मन होतंय पण हात मागं येतोय. घेऊ का?

उत्तर : दादा, पैशाचं नंतर बोलू, आधी खांदा. त्या हाताने हॅण्डल फिरवणं आजपासून बंद करा, पुढच्या ट्रिपेची वाट बघू नका. आमच्या यांचा खांदा असाच दीड वर्ष धरला होता, त्या काळात साताऱ्याहून निघालो की ट्रेलर लावायचं सगळं काम माझ्याकडं आलं, आणि तेव्हाच मला कळलं की लेव्हल करणं हे एक काम नाहीच, ती दोन वेगळी कामं आहेत आणि त्रासही दोन वेगळे आहेत. तुमच्या पत्रात ते दोन्ही एकाच ओळीत आलेत म्हणून सगळ्यावर एकच महाग औषध दिसतंय.

म्हणजे बघा, आडवी लेव्हल, डावं-उजवं, ही करायची ती ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच, खालच्या बाजूच्या चाकाखाली फळी किंवा ठोकळा घालून त्याच्यावर चढवून. उभी लेव्हल, पुढं-मागं, ही करायची ती चाकांना दोन्हीकडून अडण लावून, हिच, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायची कडी, सोडून, पुढच्या जॅकने. आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यातले टेकूचे जॅक, ते फक्त ट्रेलर हलू नये म्हणून. आता तुमची चिडचिड होते ती आडव्या लेव्हलवर, आणि खांदा दुखतो तो पुढच्या जॅकवर आणि टेकूंवर. या दोन्हीला वेगवेगळं सोपं उत्तर आहे आणि दोन्ही मिळून पावणेतीन लाखाच्या आसपाससुद्धा जात नाही.

चिडचिडीचं आधी सांगते. 'अजून जरा' म्हणजे किती हे दोघांनाही माहिती नसतं म्हणून वाद होतो. दोन चाकांमधलं अंतर १.८ मीटर धरलं तर ट्रेलर एक अंश कलला म्हणजे खालचं चाक सव्वा इंच उचलावं लागतं, तीन अंशाला पावणेचार इंच. मग वखारीतून बाभळीच्या सव्वा इंच जाडीच्या फळ्या आणा, एक फळी म्हणजे एक अंश असा सरळ हिशोब बसतो. तीन फळ्या पायरीसारख्या एकावर एक ठोकून घ्यायच्या, खालची सगळ्यात लांब, वरची निदान दीड फूट तरी हवी, आणि टायरपेक्षा रुंद, कारण टायरचा जमिनीला टेकणारा भाग पूर्ण फळीवर बसला पाहिजे, अर्धा बाहेर लटकला तर टायरची बाजू खराब होते. तुमच्या ट्रेलरला एकच एक्सल आहे म्हणून हे इतकं सोपं, दोन एक्सल असते तर त्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली तेवढीच उंची द्यावी लागली असती.

आणि किती अंश कललंय ते कसं कळणार, तर मोबाईल एक्सलच्या जवळ आतल्या फरशीवर ठेवला तरी लेव्हलचं अ‍ॅप आकडा दाखवतं, किंवा वायरलेस सेन्सर मिळतो तो एकदा आत पक्का बसवायचा, मग तुम्ही गाडीत ड्रायव्हर सीटवर बसूनच कुठली बाजू किती उचलायची ते बघू शकता. वहिनींनी मागं उभं राहायचंच, पण ते मागं झाड, दगड, पोरंबाळं बघायला, अंदाज सांगायला नाही. आम्ही साधी गवंड्याची पाणसळ वापरतो, एक पुढं आडवी आणि एक बाजूला उभी चिकटवलीय, पण चिकटवायच्या आधी आतली फरशी नीट लेव्हलला आणून मगच बुडबुडा मध्ये बसवला, ते नाही केलं तर पाणसळ आयुष्यभर खोटं सांगते.

आता खांदा. तुमच्या १३०० किलोच्या ट्रेलरचा पुढच्या दांड्यावर येणारा भार, साधारण १० ते १५ टक्के धरला तर १३० ते १९५ किलो होतो. एवढं उचलायला १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक जॅक आरामात पुरतो, जुना हाताचा जॅक काढून सहसा त्याच जागी बसतो, चासीला नवीन छेद नाही, वेल्डिंग नाही. वायर जाड घ्या, बॅटरीच्या जवळच फ्यूज टाका, आणि बॅटरी बसली तर हाताने फिरवायचं हॅण्डल त्याच्यासोबत आहे ना ते घेतानाच बघा. कोपऱ्यातल्या टेकूंना ड्रिल मशीन लावायचं, त्या जॅकच्या टोकाला बसेल असं सॉकेट घेऊन, मशीनचा हॅमर मोड बंद ठेवून, टेकू जमिनीला टेकला की थोडासा ताण द्यायचा आणि थांबायचं. डाव्या हाताने होतं, वहिनींनाही होतं. मी हे दीड वर्ष केलंय, चहाचं आधण उकळायच्या आत चारही खाली येतात.

मग त्या चार पायांचं काय. सिस्टीम वाईट आहे असं माझं बिलकुल म्हणणं नाही. ज्या माणसाचे हात खरंच चालत नाहीत, जो एकटा फिरतो, किंवा रोज नवीन गावाला मुक्काम करतो, ज्याचा ट्रेलर लांब आणि दोन एक्सलचा आहे, त्याने जरूर घ्यावी, आणि शक्यतो ट्रेलर बनवून घेतानाच घ्यावी म्हणजे चासी त्याच हिशोबाने बनते. तुमचं तसं नाही, तुम्ही एका जागी तीन-चार रात्री राहता, म्हणजे वर्षाला पाच-सहा वेळाच लेव्हल करायची आहे.

आणि तयार ट्रेलरवर बसवताना जे प्रश्न येतात ते विकणारा सहसा स्वतःहून सांगत नाही म्हणून मी सांगते. पहिला चासीचा. रस्त्यावर चालताना सगळा भार एक्सल आणि हिचवर असतो, चासी त्याच्यासाठी बनलेली असते, आणि आता तोच भार तुम्ही चार वेगळ्या ठिकाणांवर उचलणार, तिथं आतून पट्टी किंवा चॅनल नसेल तर चासी पिळवटते, मग दरवाजा अडकायला लागतो आणि खिडकीच्या कडेने पाणी येतं. तुमच्या फॅब्रिकेटरला बोलवून चासीखाली झोपून बघायला लावा, तो माणूस बनवणारा आहे, त्याचं ऐका. दुसरा वजनाचा. पाय, मोटरी किंवा हायड्रॉलिक पंप, ब्रॅकेट, वायरिंग, सगळं मिळून किती किलो ते लेखी मागा. पन्नास किलो जरी धरलं तरी तेवढं सामान तुम्हाला कमी भरावं लागणार, आणि त्यातलं जास्त वजन एक्सलच्या मागं गेलं तर हिचवरचा भार हलका होतो आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. खंबाटकी घाट उतरताना मागून ट्रक रेटतोय आणि ट्रेलर डोलतोय हे मी एकदा अनुभवलंय, तेव्हा चूक आमचीच होती, पाण्याचे कॅन सगळे मागं ठेवले होते, अजून आठवलं तरी तळहाताला घाम येतो. तिसरं म्हणजे खाली लोंबणारे पाय आणि आपले स्पीडब्रेकर, गावागावातले, उंच, रंग नसलेले. पाय पूर्ण वर घेतल्यावर जमिनीपासून किती उंचीवर राहतात ते टेप लावून मोजून घ्या.

जमिनीचं तर विशेष सांगायला हवं कारण या सिस्टीम बहुतेक सिमेंटच्या किंवा कडक खडीच्या जागा डोळ्यासमोर ठेवून दाखवतात. आपल्याकडं यवतेश्वरच्या बाजूला जांभा किंवा मुरूम मिळाला तर काही प्रश्न नाही, पण कृष्णाकाठची काळी रानं, पाऊस पडून गेलेली, तिथं गोष्ट वेगळी. २० सेंमी व्यासाची पायाची थाळी म्हणजे ३१४ चौरस सेंमी, तिच्यावर ४०० किलो आलं तर दर चौरस सेंमीला सव्वा किलो. त्याच थाळीखाली फूटभर लांबी-रुंदीची जाड फळी ठेवली तर तोच भार अर्ध्या किलोच्या आत येतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने ऑक्टोबरमध्ये कराडच्या पुढं मळ्यात ट्रेलर लावला, बटण दाबलं, दहा मिनिटांत सगळं लेव्हल, आणि पहाटे तीनला एक पाय रुतून बाथरूमचा दरवाजा उघडेना, आतमध्ये त्यांची आई. कोणाला लागलं नाही पण म्हातारी घाबरली ती घाबरलीच. म्हणजे सिस्टीम घेतली तरी फळ्या ठेवायला वाकावं लागणारच, ते सुटत नाही.

अजून एक, आणि हे कृपा करून हलक्यात घेऊ नका. उतारावर सिस्टीमला सोडून दिलं तर ती कधीकधी चाकं जमिनीवरून उचलते. हॅण्डब्रेक आणि अडण दोन्ही चाकांवर काम करतात, चाकच हवेत असेल तर ट्रेलर फक्त चार काठ्यांवर उभा. म्हणून जास्त उतार असेल तर सिस्टीमवाल्यांनाही आधी फळीवर चढवूनच मग बटण दाबावं लागतं.

कागदाचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही, आणि ट्रेलरच्या नोंदणीत रिकामं वजन लिहिलेलं असतं. तेव्हा आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीलाही कळवा, नंतर क्लेमच्या वेळी कोणी बोट ठेवायला नको.

तर माझं मत, घेऊ नका. इलेक्ट्रिक जॅक, ड्रिलचं सॉकेट, बाभळीच्या फळ्या आणि सेन्सर एवढं घ्या, दोन ट्रिपा करा. त्यानंतरही जीव मेटाकुटीला येत असेल, किंवा पुढं मोठा ट्रेलर बनवायचं ठरलं, तर मला परत लिहा, तेव्हा चार पायांचा विचार चासीपासून करू. आणि वहिनींना सांगा ड्रिल त्यांनी चालवायचं.

प्रश्न : ताई, मी कराडहून. आमच्या सेकंडहॅण्ड ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारा फ्रिज आहे. झोपायला त्रास होत नसेल तर थोडं कललेलं चालतं ना? लेव्हलचा एवढा बाऊ कशाला?

उत्तर : झोपेला चालतं, तुमच्या फ्रिजला चालत नाही. तुमचा फ्रिज बॅटरीवरचा कॉम्प्रेसरचा असता तर मी म्हटलं असतं की कलंडलं तरी सहसा चालून जातं, पण गॅसवरचा फ्रिज वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्याच्यात पंप नाही की कॉम्प्रेसर नाही, अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण खालच्या बॉयलरमध्ये तापतं, अमोनियाची वाफ वर जाते, थंड होऊन परत द्रव होते आणि पुढचा सगळा प्रवास उतरत्या नळ्यांमधून नुसत्या उताराने होतो. फ्रिज कलला की द्रव मध्येच कुठंतरी साचतो, बॉयलरकडं परत येत नाही, बॉयलर कोरडा पडून जास्त तापतो आणि त्याच्यात असलेले क्षार घट्ट होऊन नळी चोंदायला लागते. एका रात्रीत कळत नाही पण नुकसान साठत जातं आणि एकदा चोंदली की सहसा अख्खं कूलिंग युनिटच बदलावं लागतं. बऱ्याच कंपन्या एका दिशेला ३ अंश आणि दुसऱ्या दिशेला ६ अंश अशी मर्यादा देतात, तुमच्या फ्रिजच्या माहितीपत्रकात कुठली दिशा कुठली ते बघा, कारण ते फ्रिज कसा बसवलाय त्याच्यावर ठरतं. चालत्या गाडीत द्रव सारखा हिंदकळत असतो म्हणून तिथं तेवढी भीती नाही, उभ्या ट्रेलरची आहे. पाणसळ बाहेर नको, फ्रिजच्या फ्रीझरमध्येच खालच्या तळावर ठेवून बघा. आणि दुपारी जेवायला म्हणून घाटात उतारावर दोन तास थांबणार असाल तर तेवढा वेळ फ्रिज बंद करा, दार उघडलं नाही तर आतलं थंड टिकतं.

प्रश्न : फलटणवरून विचारतोय. कोपऱ्यातल्या टेकूच्या जॅकने मागची बाजू उचलायला गेलो, जॅक वाकला. वॉरंटीत बसेल का?

उत्तर : बसणं अवघड आहे दादा, कारण तो जॅक उचलायसाठी नसतोच, लेव्हल झालेल्या ट्रेलरचं हलणं थांबवायसाठी असतो. वाकलेला सरळ करून वापरू नका, नवीन घ्या, आणि त्या कोपऱ्यातले चासीचे बोल्ट आणि वेल्डिंग एकदा उजेडात नीट तपासा, जॅक वाकला तेव्हा तिथंही ताण आलेला असणार.