फ्रीबूटरमधला बूट

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये मराठ्यांच्या संदर्भात 'फ्रीबूटर' शब्द सापडला, त्यातला 'बूट' पायातला का? फ्रीबूटर म्हणजे चाचा, अर्थात समुद्री लुटारू का? आणि अमेरिकेच्या सिनेटच्या बातम्यांत येणाऱ्या 'फिलिबस्टर'शी त्याचं काही नातं आहे का? थोडक्यात सांगायचं तर नाही, कधी कधी, आणि हो, दोघं सख्खी भावंडं आहेत. पण तिसऱ्या उत्तरात बरीच मजा आहे आणि तुमच्या गॅझेटिअरचा उताराही त्याशिवाय नीट लागणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी बूट. पायातला बूट इंग्रजीत फ्रेंचमधून आला, त्याचा इथे संबंध नाही. फ्रीबूटर हे डच 'व्रेइबाउटर'चं इंग्रजी रूप. 'व्रेइ' म्हणजे मोकळा, 'बाउट' म्हणजे लूट. इंग्रजांनी शब्दाच्या पहिल्या अर्ध्याचं भाषांतर केलं आणि दुसरा अर्धा कानाला लागला तसा उचलला. या 'बाउट'चा जुना अर्थ लूट नव्हे, तर अदलाबदल, वाटणी असा होता; डचमध्ये देवाणघेवाणीला 'राउलबाउटन' म्हणतात, त्यात तो अजून शिल्लक आहे. मोहिमेनंतर जे वाटून घ्यायचं ते 'बाउट'. इंग्रजीतला 'बूटी' याच गोतावळ्यातला.

जाता जाता एक गंमत. लुटीसाठी इंग्रजीत जे ठसठशीत शब्द आहेत, ते बहुतेक स्वाऱ्यांवरून घरी आणलेले. 'बूटी'चं सांगितलंच. 'प्लंडर' १६३०च्या दशकात जर्मनीतल्या तीस वर्षांच्या युद्धातून आला. मुळात त्याचा अर्थ घरातलं सामानसुमान, अंथरूण-पांघरूण. आणि 'लूट' तर सरळ आपल्याकडून गेला. लुटीचा शब्दच लुटून न्यायचा, याला काय म्हणावं!

आता हा शब्द जन्मला कुठे ते बघा. १५६८ ते १६४८ अशी ऐंशी वर्षं नेदरलँड्सनी स्पेनच्या राजाविरुद्ध लढा दिला. त्या धामधुमीत पगारी सैन्याबाहेरची माणसं 'व्रेइबाउट'वर निघायची. म्हणजे पगार नाही, शत्रूचं जे हाती लागेल ती कमाई. बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम समुद्रावरच्या अशा टोळ्यांना स्वतःच्या सहीचे परवाने देत असे. त्याच्या लेखी ते त्याचे सैनिक. स्पेनच्या लेखी विल्यमच बंडखोर, मग त्याच्या परवान्याला किंमत काय? सापडला की फासावर. यातल्याच, 'समुद्रावरचे भिकारी' असं नाव पडलेल्या बंडखोरांनी १ एप्रिल १५७२ रोजी ब्रील हे बंदर घेतलं आणि लढ्याचं पारडं फिरलं. आज त्या गावात तो दिवस उत्सव म्हणून साजरा होतो. जिंकलेल्यांचे पुंड पुढे स्वातंत्र्यवीर होतात, हे काही डचांपुरतं नाही.

इंग्रजीत शब्द दिसू लागतो तो याच सुमारास, १५७०च्या आसपास. इंग्रज स्वयंसेवक तिकडे लढायला जात होते आणि १५८५च्या तहानंतर राणी एलिझाबेथनं उघडपणे फौज पाठवली. छावणीत डच, फ्लेमिश, इंग्रज, जर्मन सगळे एकत्र. तिथून शब्द घरी आले नसते तरच नवल. मात्र घरी येताना परवान्याचा भाग वाटेत गळाला आणि नुसता लुटारू उरला. परवानाधारक लुटारूसाठी इंग्रजांनी पुढच्या शतकात 'प्रायव्हेटिअर' असा वेगळा, जरा सोवळा शब्द काढला. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर असं की चाचा समुद्रावर असावाच लागतो, फ्रीबूटर जमिनीवरचाही चालतो. त्याची खूण एवढीच की तो ज्या लुटीवर जगतो तिला बोलणाऱ्याची मान्यता नाही. 'बोलणाऱ्याची' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता धाकटं भावंड. हाच डच शब्द कॅरिबियन समुद्रात फ्रेंचांच्या तोंडी 'फ्लिबुस्तिए' झाला. टोर्टुगा बेटाच्या आश्रयानं स्पॅनिश जहाजं लुटणारे ते हे. 'र'चा 'ल' झाला याचं आपल्याला नवल वाटू नये. हरिद्रेची हळद झाली तेव्हा आपण कुठे तक्रार केली? शिवाय 'व्लीबोट' नावाच्या हलक्या डच जहाजाची सावली या उच्चारावर पडली असावी असंही म्हणतात. फ्रेंचांकडून तो स्पॅनिशात गेला आणि 'फिलिबुस्तेरो' झाला. स्पॅनिश लोक लुटले जात होते, तेव्हा शब्दाला धार त्यांनीच लावली.

मग १८५०च्या दशकात तो परत इंग्रजीत आला, पण अमेरिकेत आणि नव्या अंगरख्यात. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही लोकांना क्यूबा, मेक्सिको, मध्य अमेरिका असे शेजारचे मुलूख खासगी फौजा नेऊन घ्यायचे होते. गुलामगिरीची राज्यं वाढवणं हा त्यातला मोठा हेतू. स्वतःचं सरकार ज्या देशाशी युद्धात नाही त्याच्यावर अशी मोहीम काढणं अमेरिकी कायद्यानं गुन्हा होता. या लोकांना 'फिलिबस्टर' म्हणू लागले. नार्सिसो लोपेझ क्यूबावर चालून गेला आणि १८५१ मध्ये हवानात मारला गेला. विल्यम वॉकर त्याच्याही पुढचा. हा टेनेसीचा डॉक्टर, मग वकील, मग पत्रकार. १८५३ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात घुसून यानं स्वतःचं प्रजासत्ताक जाहीर केलं. ते बुडाल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत खटला चालला आणि ज्यूरीनं आठ मिनिटांत निर्दोष सोडलं! १८५५ मध्ये साठेक माणसं घेऊन तो निकाराग्वात उतरला. तिथल्या यादवीत एका बाजूनंच त्याला बोलावलं होतं. वर्षभरात तो स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला आणि तिथली गुलामगिरीवरची बंदी त्यानं उठवली. मधल्या काळात, मे १८५६ मध्ये, त्याच्या मुठीतल्या सरकारला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्यता दिली होती. म्हणजे काही काळ हा पुंड कागदोपत्री अधिकृत होता. शेजारच्या देशांनी एकत्र येऊन १८५७ मध्ये त्याला हुसकावलं. पुन्हा शिरायला गेला तेव्हा ब्रिटिश आरमारानं पकडून होंडुरासच्या हवाली केला. १२ सप्टेंबर १८६० रोजी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

याच गदारोळात, जानेवारी १८५३ मध्ये, अमेरिकी प्रतिनिधिगृहात एका सभासदानं क्यूबा घेण्याच्या मनसुब्याविरुद्ध भाषण केलं. तो आपल्याच पक्षाचा, तरी उलट्या बाजूनं बोलतोय हे पाहून दुसरा म्हणाला की हे तर आपल्याच देशाविरुद्ध 'फिलिबस्टरिंग' चाललंय. गंमत अशी की ज्याला हा टोमणा बसला तो खऱ्या फिलिबस्टरांच्या विरोधात बोलत होता. पुढच्या काही दशकांत लांबलचक भाषणं करून कामकाज अडवणं, हाच अर्थ पक्का झाला. १९१७ पासून सिनेटमध्ये असं भाषण मतदानानं थांबवता येतं. १९५७ मध्ये स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलत उभे होते. बाकी सिनेटचे नियम तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील.

माझ्या मते शब्दाचा सगळ्यात विलक्षण मुक्काम फिलिपाइन्समध्ये आहे आणि शब्दकोश त्याला एका ओळीत गुंडाळतात. तिथल्या स्पॅनिश अंमलदारांनी 'फिलिबुस्तेरो'चा अर्थ लुटारूपासून पार तोडला. सरकारच्या नजरेत जो खुपला तो फिलिबुस्तेरो, म्हणजे राजद्रोही. १८७२ मध्ये तीन फिलिपिनो धर्मगुरूंना कटाच्या आरोपावरून मनिलात जाहीर देहदंड दिला गेला. पुढे फिलिपाइन्सचा राष्ट्रनायक ठरलेला लेखक होझे रिझाल तेव्हा दहा वर्षांचा होता. पुढे एका पत्रात त्यानं लिहिलंय की हा शब्द आपण पहिल्यांदा त्या प्रसंगी ऐकला आणि वडिलांनी तो उच्चारायलाही मनाई केली होती. या तिघांनाच त्यानं आपली दुसरी कादंबरी 'एल फिलिबुस्तेरिस्मो' अर्पण केली. ती १८९१ मध्ये छापली गेली ती बेल्जियममधल्या गेंट शहरात, कारण तिथे छपाई स्वस्त पडत होती. गेंट हे डच बोलणारं शहर! म्हणजे तीनशे वर्षं समुद्र पालथे घालून, तीन भाषांत रूप बदलून, लुटारूचा राजद्रोही होऊन शब्द परत आपल्या माहेरी छापखान्यात आला, आणि खिळे जुळवणाऱ्यांपैकी कुणाच्या ते लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. ३० डिसेंबर १८९६ रोजी रिझाललाही मनिलात गोळ्या घालण्यात आल्या.

मूळच्या 'फ्रीबूटर'चं इंग्रजीत काय झालं? साम्राज्याच्या सरहद्दीवर त्याला भरपूर काम मिळालं. १८८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत बेचुआना लोकांच्या जमिनी बळकावून स्टेलालँड आणि गोशेन अशी चिमुकली राज्यं काढणाऱ्या बोअरांना इंग्रज फ्रीबूटर म्हणत. डच वंशाच्या माणसांना डचांकडूनच घेतलेला शब्द.

आणि आता आपल्याकडे. इंग्रज लेखक हा शब्द शिवाजी महाराजांना लावतात, पेशव्यांच्या सरदारांना लावतात, पेंढाऱ्यांनाही लावतात. तीन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात.

पेंढाऱ्यांना तो शोभतो, अगदी जुन्या डच अर्थानं शोभतो. पगार नाही, शिंदे-होळकरांच्या फौजेमागून जायचं, लुटीवर जगायचं. शिंदेशाही पेंढारी आणि होळकरशाही पेंढारी अशी नावंच होती, म्हणजे कुणाच्या छत्राखाली आहोत हे ते मिरवत. १८१७-१८ मध्ये कंपनीनं त्यांचा बंदोबस्त केला तेव्हा काय केलं पाहा: पेंढाऱ्यांना हाताशी धरणाऱ्या अमीरखानाशी तह करून त्याला टोंकचा नवाब मानलं. तेव्हापासून कंपनीच्या कागदांत तो संस्थानिक.

मराठी सरदारांच्या मुलूखगिरीला मात्र हा शब्द लावणं ढिसाळपणा आहे. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. त्यानंतरची वसुली कितीही जुलमी झाली असेल, आणि अनेकदा झाली, तरी तिच्यामागे खुद्द बादशाही कागद होता. कान्होजी आंग्र्यांचंही तेच. मराठ्यांचे हे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, आपल्या समुद्रात दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय जहाजं जाऊ देत नसत. पोर्तुगीज 'कार्ताझ' देऊन हेच करत आले होते. पण इंग्रजांनी आंग्र्यांचं दस्तक मानलं नाही, म्हणून ते इंग्रजी कागदांत चाचे ठरले. आणि शिवाजी महाराजांबद्दल बोलायचं तर स्वतःची नाणी पाडणाऱ्या, अष्टप्रधान नेमणाऱ्या, राज्याभिषेक करून घेणाऱ्या छत्रपतींना फ्रीबूटर म्हणण्यात मुघलांची बाजू उचलण्यापलीकडे काही नाही.

तुम्ही उतारा मराठीत आणताय म्हणून सांगतो. सरसकट 'लुटारू' घालू नका. उतारा पेंढाऱ्यांचा असेल तर सरळ 'पेंढारी' लिहा, वाचकाला सगळं कळतं. एखाद्या किल्ल्याच्या आश्रयानं स्वतंत्रपणे दंगा करणाऱ्याचा असेल तर आपला 'पुंड' उत्तम बसतो; पुंडाव्यात वरच्या सत्तेला न जुमानणं आहे आणि लूटही. मराठी फौजेबद्दल असेल तर 'इंग्रज ज्यांना लुटारू म्हणत' असं लिहून शब्द त्यांच्या पदरात घालावा. आणि आजच्या डच मजकुरात 'व्रेइबाउटर' भेटला तर यातलं काहीच चालणार नाही. तिथे तो आता मनस्वी, बंधनं न मानणारा, भटक्या माणसाला म्हणतात, तेही कौतुकानं. तंबू आणि रकसॅक विकणाऱ्या दुकानांच्या एका साखळीचं ते नाव होतं. इंग्रजीत उलट २०१४ पासून 'फ्रीबूटिंग' नव्यानं वापरात आलंय, दुसऱ्याचा व्हिडिओ उचलून आपल्या पानावर चढवण्यासाठी. ब्रॅडी हॅरन या यूट्यूबरनं एका पॉडकास्टमध्ये तो सुचवला.

पान क्रमांक आणि गॅझेटिअरचा खंड दिलात तर तुमच्या उताऱ्यात यातलं नेमकं कोण आहे ते पाहून सांगतो.