बाळबोध म्हणजे बाळांसाठी नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की 'तज्ञांनी आपला विषय लोकांना बाळबोध भाषेत सांगावा' हे वाक्य चालेल का, की त्यात ऐकणाऱ्यांचा अपमान होतो.

आधी ते 'तज्ञ' नीट लिहा. तज्ज्ञ. तद् अधिक ज्ञ, 'ते' जाणणारा, त्यातला एक ज् खाऊ नका.

आता बाळबोध. बाळबोध वळण, बाळबोध घराणं वगैरे सगळ्यांना माहितीय, सोडून देऊ. माझं डोकं फिरतं ते 'मांडणी फारच बाळबोध आहे' असलं काही वाचलं की. पोरकट म्हणायचंय ना, मग पोरकट म्हणा की, चांगला शब्द कशाला वाया घालवताय?

सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी तर्कसंग्रह हा न्यायशास्त्राचा, म्हणजे तर्कशास्त्राचा, ग्रंथ लिहिला, आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं, 'बालानां सुखबोधाय', बालांना सहज कळावं म्हणून. आता हा बाल कोण? टीकाकारांनी खुलासा केलाय आणि तो वाचून मी अक्षरशः टाळी वाजवली: व्याकरण, काव्य, कोश शिकलेला पण न्यायशास्त्र न शिकलेला, तो बाल. अंगावर पिणारं मूल नव्हे, असंही एके ठिकाणी स्पष्ट म्हटलंय. म्हणजे चांगला शिकलेला, समज असलेला माणूस, फक्त या एका शास्त्रात नवखा. थोडक्यात हृदयाचा सर्जन कॉम्प्युटरवाल्यासमोर बाल आणि कॉम्प्युटरवाला सर्जनसमोर बाल, आपापल्या जागी दोघेही तज्ज्ञच.

माझं तर मत आहे की देवनागरी लिपीचं बाळबोध हे नावही इथूनच आलं असावं. मोडी ही दफ्तरातली, हात न उचलता झरझर लिहायची, ती कारकुनी न शिकलेल्याला वाचता येईना, त्याच्यासाठी सुटं स्वच्छ देवनागरी. 'लहान मुलांना कळते म्हणून बाळबोध' असं ठोकून देणाऱ्यांनी एवढंच सांगावं, मोठमोठे शास्त्री मग आपल्या पोथ्या लहान मुलांच्या लिपीत लिहीत होते का?

हां, प्रश्न राहिलाच. वाक्य चालेल, पण बाल कोण हे लक्षात ठेवून. समजा एखादी टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आजार असण्याची शक्यता किती, हे सांगायचंय. 'प्रिव्हॅलन्स १ टक्का, सेन्सिटिव्हिटी ९० टक्के, फॉल्स पॉझिटिव्ह रेट ९ टक्के' म्हटलं की समोरचा गार. त्यापेक्षा म्हणा, १००० माणसं घ्या, त्यातली १० आजारी, टेस्ट त्यातल्या ९ जणांना पकडते, पण उरलेल्या ९९० धडधाकट लोकांपैकी सुमारे ८९ जणांनाही पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे ९८ पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी ९च. यात गणित कुठेही पातळ केलेलं नाही, आकडे तेच आहेत, फक्त परिभाषा बाजूला ठेवली. हे बाळबोध. 'टेस्टबाई कधीकधी चुकते हं' हे बोबडं बोलणं झालं, आणि अपमान होतो तो त्याने.